राज्याची तूट ‘मर्यादेत’ आहे तर मग आमच्या रस्त्याचं बिल काहून अडलं?

प्रश्न असा आलाय: “काका, सरकार म्हणते तूट तीन टक्क्यांच्या आत आहे, काळजी नाही. विरोधक म्हणतात नऊ लाख कोटी कर्ज झालं, दिवाळं निघालं. मग आमच्या रस्त्याचं बिल काहून अडलं, रोहयोच्या विहिरीचं कुशल (म्हणजे साहित्याचा पैसा) काहून अडलं, आणि कर्जमाफीले पैसा नाही त बहिणींना द्यायले कुठून आला? खरं कोण बोलून राहिलं?” विचारणारा दारव्हा तालुक्यातला, लहान-मोठी कामं घेणारा पोरगा आहे, बीकॉम झालेला, म्हणून आकडे टाकले तर पळून जाणार नाही असं धरतो.

माझी सगळी नोकरी लेखा सेवेत गेली, कधी कोषागार, कधी जिल्हा परिषदेचा अर्थ विभाग, जास्त करून यवतमाळ-वाशीम-अमरावती याच पट्ट्यात. मंत्रालयात बसून बजेट लिहिणाऱ्यांतला मी नाही. ते बजेट खाली येता येता किती उरते हे पाहणाऱ्या टोकाला होतो, तर उत्तर पण त्याच टोकावरून देतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी आकडे एकदा नीट मांडून घेऊ कारण टीव्हीवर भांडणारे अर्धे लोक महसुली तूट आणि राजकोषीय तूट यात गल्लत करून राहिले असतात. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी २०२५-२६ चं बजेट मांडलं. एकूण खर्च ७ लाख २० कोटी (सात लाख वीस हजार नाही, सात लाख कोटी आणि वर वीस कोटी, हे पण लोक चुकवतात). महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. वजाबाकी केली की ४५ हजार ८९१ कोटी, ही महसुली तूट. आणि एकूण जेवढं उसनं घ्यावं लागणार ती राजकोषीय तूट, १ लाख ३६ हजार २३५ कोटी. राज्याचं स्थूल उत्पन्न साधारण ४९ लाख ३९ हजार कोटी धरलंय, त्याच्या ती २.७६ टक्के होते. २००५ च्या राज्याच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातली मर्यादा ३ टक्के. म्हणजे सरकार म्हणते ते खरं. वर्षअखेर कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात, म्हणजे विरोधक म्हणतात तेही खरं. हे कर्ज उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतच बसते, पंजाबचं ४० च्या वर आहे, तर ‘दिवाळं’ हा शब्द सभेत ठीक आहे, हिशोबात बसत नाही.

पण मला हे ४९ लाख कोटीवालं गणितच फार कामाचं वाटत नाही. ते उत्पन्न सरकारचं थोडीच आहे बाप्पा, ते मुंबई-ठाणे-पुण्याच्या कंपन्यांचं, बँकांचं, तुमच्या-माझ्या वावराचं सगळं मिळून आहे. सरकारच्या हातात येतात ५ लाख ६१ हजार कोटी. त्याच्याशी कर्ज ताडून पाहा, वर्षभराच्या सगळ्या कमाईच्या पावणेदोनपट जवळजवळ. व्याजच २०२५-२६ मध्ये साधारण ६४ हजार ६५९ कोटी, भागाकार करा, रोजचे पावणेदोनशे कोटीच्या वर, रविवार धरून. पगार, पेन्शन आणि व्याज हे तीन मिळून ३ लाख १२ हजार कोटी, म्हणजे जमेच्या दर शंभर रुपयांतले ५६ रुपये, आणि हे पैसे बजेट छापायच्या आधीच गेलेले असतात, त्यावर चर्चा नसते, मतदान नावापुरतं असते. (मी पण त्या पेन्शनमध्येच आहे, तर शिव्या द्यायच्या असतील तर द्या.)

महसुली तूट जास्त वाईट काहून, तर विहीर खोदायला काढलेलं कर्ज आणि किराण्याला काढलेलं कर्ज यात जो फरक आहे तोच. १ लाख ३६ हजार उसने घेतले त्यातले जवळपास ४६ हजार कोटी, म्हणजे शंभरातले ३३-३४ रुपये, रोजच्या खर्चातच विरघळले. त्यातून ना धरण उभं राहणार ना रस्ता, व्याज मात्र पुढची कितीतरी वर्षं. चर्चा व्हायला पाहिजे ती या आकड्यावर, आणि होते नऊ लाखावर, कारण नऊ लाख ऐकायला मोठं वाटते.

आता तुझ्या बिलाकडे. हे जरा लक्ष देऊन वाच कारण हे कोणी सांगत नाही.

सरकारचा हिशोब रोखीचा असतो. दुकानदार जसा उधारी पण वहीत धरतो तसं सरकारच्या खात्यात होत नाही. काम झालं, शाखा अभियंत्यानं एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरली, बिल तयार झालं, पण कोषागारातून पैसे निघाले नाहीत तोवर तो खर्चच झालेला नाही. तुझं बिल मार्चमध्ये दिलं असतं तर तूट तेवढी वाढली असती. नाही दिलं, तर तूट तेवढी कमी दिसली. म्हणजे तुझं अडलेलं बिल हे त्या ‘तीन टक्क्यांच्या आत’ राहण्याचाच एक भाग आहे, भाऊ. राज्य मर्यादेत राहिलं ते थोडंफार तुझ्या खिशातून राहिलं. तू डांबरवाल्याचे थकवले, डांबरवाल्यानं त्याच्या ड्रायव्हरचे थकवले, आणि या सगळ्या उधारीवर एक पैसा व्याज मंत्रालयाच्या कागदावर चढत नाही, ते तुम्ही पतसंस्थेत भरून राहिले.

२०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटना ८९ हजार कोटींची देणी थकली असं म्हणत होत्या. तो त्यांचा दावा, त्यात किती मागच्या वर्षांचं आणि किती वादाचं ते वेगळं काढावं लागेल. पण त्याचा अर्धा जरी खरा धरला आणि २०२५-२६ च्या तुटीत टाकून पाहिला तर २.७६ चे साडेतीन टक्क्यांच्या वर जातात. एका वर्षाचा खर्च नाही तो, हे मान्य, तरी सभागृहात कोणी उठून ‘थकीत देणी धरून तूट सांगा’ असं विचारायला पाहिजे होतं. विचारतात काय, तर तुमच्या काळात किती होतं आणि आमच्या काळात किती.

बरं, पैसा नव्हता तर काम मंजूर कसं झालं? इथं टोकन तरतुदीचा खेळ आहे. बांधकाम विभागाचं एक पुस्तक असते, व्हाइट बुक म्हणतात, त्यात तालुक्यातला रस्ता शोधला की सापडतो. समजा किंमत ४ कोटी आणि चालू वर्षाची तरतूद १० लाख. आता ४ कोटीच्या कामात १० लाखानं मुरूम तरी पडते का? पण पुस्तकात नाव आलं म्हणजे ‘बजेटेड वर्क’ झालं, टेंडर काढता येते, नारळ फोडता येते, आणि पानठेल्यावर ‘४ कोटीच्या रस्त्याला मंजुरी’ असं फ्लेक्स लागते. फ्लेक्सवर १० लाख कोणीच लिहीत नाही. एका तालुक्यात अशी वीस-पंचवीस कामं उघडली की सगळ्यांचं थोडं थोडं होते आणि पूर्ण एकही होत नाही. ठेकेदारानं वर्क ऑर्डर घ्यायच्या आधी किंमत पाहू नये, तरतूद पाहावी. हे मी कितीक पोरांना सांगितलं, ऐकत नाहीत, कारण तू नाही घेतलं तर दुसरा घेते.

मग राहिलेलं पुरवणी मागण्यांत येईल अशी आशा असते. पुरवणी मागणी ही मुळात अचानक आलेल्या खर्चासाठी, पूर आला, कोर्टाचा निकाल आला, अशासाठी. आपल्याकडे ती दुसरं बजेटच झाली. २०२४ मध्ये २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि त्याच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटी, म्हणजे मार्चच्या बजेटची शाई वाळली नव्हती. म्हणून मार्चमध्ये सांगितलेली तूट ही सुरुवात समजायची, शेवट नाही. २०२४-२५ ची राजकोषीय तूट आधी १ लाख १० हजार ३५५ कोटी सांगितली होती, सुधारित अंदाजात ती १ लाख ३२ हजार ८७३ झाली. वादविवाद सगळा पहिल्या आकड्यावर होतो, दुसरा येते तेव्हा पेपरात पाचव्या पानावर.

आणि मार्च एंडिंगची रात्र ज्यानं कोषागारात काढली नाही त्याला हे समजणार नाही. दिवसभर सगळे लोक बीम्सवर डोळे लावून, ग्रँट आली का, ग्रँट आली का. बीम्स म्हणजे ते कॉम्प्युटरवरचं निधी वाटपाचं सिस्टीम, तिथं रक्कम दिसल्याशिवाय बिल पासच होत नाही. संध्याकाळपर्यंत हेडवर, म्हणजे लेखाशीर्षावर, शून्य. बाहेर ठेकेदारांच्या गाड्या, विभागाचे कारकून बिलांचे गठ्ठे घेऊन ओट्यावर बसलेले, कोणीतरी समोसे आणलेले. रात्री कधीतरी अचानक एखाद्या हेडला रक्कम पडते, मागणी शंभराची असेल तर आले तीस, आणि ते तीस कोणाच्या बिलात घालायचे हे ठरवणारा फोन कोषागारात येत नाही, विभागात येतो, कुठून येतो ते तुम्हाला माहीत आहे. बारा वाजले की जे उरलं ते व्यपगत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, ‘जिल्ह्याचा निधी परत गेला, अधिकारी निष्क्रिय’. अरे जो निधी आलाच रात्री तो परत नाही जाणार तर काय. हां, काही ठिकाणी अधिकारी खरंच झोपलेले असतात, ते पण पाहिलं आहे.

खर्च थांबवायचा म्हटलं की थांबते कोण हे ठरलेलं आहे. ४ मे २०२० ला कोरोनात जीआर निघाला होता की बजेटच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन कामं बंद, भरती बंद. ते उघड होतं, कारण समोर होतं. आता तसं एका कागदावर लिहून येत नाही, पण टप्प्याटप्प्यानं निधी सोडायचा हा प्रकार सुरूच असतो. पगार थांबत नाही, व्याज तर अजिबात नाही, मग राहते काय? रस्ता, शाळेची खोली, शिष्यवृत्ती, ठिबकचं अनुदान. आणि याची वाट पाहणारे बहुतेक खेड्यात राहणारे.

रोहयोच्या विहिरीचं मात्र वेगळं आहे, ते राज्याच्या तुटीच्या डोक्यावर सगळं टाकू नको. रोहयोत २०२५ पर्यंत मजुरी केंद्राकडून यायची, साहित्याचा म्हणजे कुशलचा पैसा ७५ टक्के केंद्राचा आणि २५ राज्याचा असायचा. तिथं अडकलं की दोन्हीकडे बोट दाखवता येते आणि दोघंही दाखवतात. शेतकरी मात्र अर्धवट खोदलेल्या विहिरीच्या काठावर उभा, बांधकाम उधारीवर केलेलं.

आता बहिणींचा प्रश्न, ज्यावर सगळ्यांना बोलायचं असते. साधा गुणाकार कर. महिना १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. २०२५-२६ साठी तरतूद ३६ हजार कोटी. भागलं की बरोबर २ कोटी बाया. योजना आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारच सांगत होतं, त्याला भागलं की अडीच कोटींच्या वर. म्हणजे बजेट मांडतानाच कागद सांगून राहिला होता की एकतर नावं कमी होणार नाहीतर पुरवणी मागणी येणार. पुढे पडताळणी सुरू झाली तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं. आणि निवडणुकीत जे २१०० सांगितले ते त्याच २ कोटी बायांना दिले तर ५० हजार ४०० कोटी होतात. महसुली तूट ४६ हजार असताना हे १४ हजार कुठून, याचं उत्तर कोणत्याच बाजूच्या जाहीरनाम्यात नव्हतं, दुसरी बाजू त तीन हजार देणार होती.

माझं मत विचारशील तर ती योजना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात निंदणाच्या मजुरीशिवाय हातात दुसरा पैसा न येणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या खात्यात तो पैसा पडल्यावर किराणा दुकानाची उधारी फिटताना दिसते. चूक ही की उत्पन्नाची बाजू न वाढवता, निवडणुकीच्या तोंडावर, न पाहता फॉर्म भरून घेतले आणि नंतर गाळणी लावली. आणि लाडकी बहीणमुळेच सगळं बिघडलं म्हणणारे वीज कशी विसरतात? साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपांना २०२४ पासून पाच वर्षं बिल माफ, साधारण ४४ लाख ग्राहक, वर्षाला १४ हजार ७६० कोटी. आता सांग, ज्याच्या वावरात विहीर नाही, मोटर नाही, पऱ्हाटी आणि सोयाबीन आभाळाच्या भरवशावर, त्याला यातून काय? शून्य. आपल्याकडचा निम्म्याहून जास्त शेतकरी तसाच आहे. यावर विदर्भातला एकही पुढारी जोरात बोलत नाही, कारण फुकट विजेविरुद्ध बोलला असा व्हिडिओ फिरतो.

कर्जमाफीचं तसंच. २००८ ला केंद्रानं केली तेव्हा पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट लावली, कोरडवाहू विदर्भात सात-आठ एकर असून कर्जबाजारी असलेले त्या अटीत मार खाऊन गेले. २०१७ ला दीड लाखापर्यंत, ३४ हजार कोटींची घोषणा. २०१९ ला दोन लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंचं आंदोलन नागपूरला धडकलं आणि सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ म्हणून सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की माफी करायची तर एकदम करा, तारीख देऊन लटकवू नका. तारीख दिली की ज्याला भरता येते तोही भरत नाही, तो थकबाकीत जाते, बँक पेरणीले नवीन पीककर्ज देत नाही, मग सावकार. उशिराची किंमत तुटीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. आणि माफी तुटीत बसत नाही म्हणणाऱ्यांना हेही विचारा की सोयाबीनला २०२५-२६ चा हमीभाव ५ हजार ३२८ होता, बाजार समितीत किती मिळाला? तिथं फरक पडला नसता तर माफी मागायला कोण गेलं असतं.

उत्पन्न वाढवा म्हणणं सोपं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून राज्याच्या हातात दर ठरवायला उरलं काय, तर दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक, गाड्या. त्याबद्दल केंद्र देत होतं ती भरपाई जून २०२२ ला संपली. केंद्राच्या करातला वाटा म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगात राज्यांच्या हिश्श्यातले आपल्याला ६.३ टक्के होते. म्हणून जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, १४ हजार कोटी जास्तीचे येतील म्हणाले. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, त्यामुळे तिथले लोक राज्याच्या तिजोरीत यात भर घालत नाहीत असं समजायचं, पुढे बोलत नाही.

मोठ्या प्रकल्पांचं वेगळंच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, त्याचं कर्ज रस्ते विकास महामंडळाच्या नावावर. शक्तिपीठ महामार्ग आपल्या पवनारपासून निघणार, त्याच्या जमिनीसाठी हुडको या केंद्राच्या कंपनीचं १२ हजार कोटींचं कर्ज, तेही महामंडळालाच. महामंडळाचं कर्ज राज्याच्या तुटीत दिसत नाही, हमी मात्र राज्याची. आणि ज्याला दिरंगाईचा हिशोब पाहायचा त्यानं गोसीखुर्द पाहावं, मूळ किंमत ३७२ कोटी, एकेक सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) होत होत १८ हजार कोटी कधीच ओलांडले. दरवर्षी पुरेसा निधी दिला नाही म्हणून काम लांबलं आणि लांबलं म्हणून महागलं, ही पण तूट वाचवल्याचीच किंमत. अनुशेषावर, म्हणजे मागास भागाच्या राहिलेल्या विकासावर, वेगळं लिहावं लागेल, दांडेकर समितीपासून, आणि विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तिथपर्यंत, इथं त्यात शिरत नाही.

तर तू काय करायचं. आमदाराला ‘बिल कधी’ असं विचारू नको, तो ‘लवकरच’ म्हणेल. तुझ्या वर्क ऑर्डरवर किंवा प्रशासकीय मान्यतेच्या पत्रावर लेखाशीर्ष लिहिलेलं असते, रस्त्याचं भांडवली काम असेल तर ५०५४ नं सुरू होईल, दुरुस्ती असेल तर ३०५४. तो नंबर घेऊन बीम्सची साईट उघड, ती सगळ्यांना पाहता येते, त्या शीर्षावर तरतूद किती, सोडला किती, खर्च किती ते पाहा. तरतूद आहे पण सोडला नाही, तर अडथळा मुंबईत वित्त विभागात आहे. सोडला आहे आणि तुझ्यापर्यंत आला नाही, तर अडथळा जिल्ह्यातच आहे, आणि मग कार्यकारी अभियंत्याकडे माहितीच्या अधिकारात एवढंच माग: या शीर्षाखाली प्रलंबित देयकांची यादी, बिल दाखल झाल्याच्या तारखेनुसार, आणि यावर्षी दिलेल्या देयकांची यादी, त्यांच्याही तारखांसह. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तुझ्या मागून आलेला कोण पुढे गेला ते दिसेल. तरतूदच टोकन निघाली तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरमध्येच, विभागानं पुरवणी मागणीत प्रस्ताव पाठवला की नाही ते विचारून ठेव, डिसेंबरात विचारशील तर पुस्तक छापून झालेलं असते.